मध्ययुगीन कापडावरून केलेली आर्ट क्विल्ट

मध्ययुगातल्या कापडाचं जे काही आज हाताशी आहे, म्हणजे तुकडे, चित्रं, पोथ्यांमधली वर्णनं, त्यावरून तंत्र, रचना किंवा रंग उचलून आज भिंतीवर लावण्यासाठी जी गोधडी शिवतात तिला ढोबळमानाने मध्ययुगीन कापडावरून केलेली आर्ट क्विल्ट म्हणतात. अंगावर घ्यायची नसते, बघायची असते. वरचं कापड, मधे कापूस किंवा जुनं कापड, खाली अस्तर आणि तिन्ही थरांतून आरपार गेलेला टाका, एवढं असलं की क्विल्ट झाली, बाकी करणाऱ्याची मर्जी. नागपूरकडून ह्या विषयाकडे बघायला मजा येते कारण इथे कापूस आहे, कोष्टी आहेत, कोसा म्हणजे टसर रेशीम आहे, खेड्यावर घरोघरी वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी आहे, नाही ते फक्त मध्ययुगातलं कापड. आणि त्यामुळेच इथल्या माणसाला ह्या कामात जरा वेगळ्या वाटेने जावं लागतं.

आर्ट क्विल्ट कधीपासून

हे प्रकरण फार जुनं नाही. १९७१ मधे न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममधे जुन्या अमेरिकन गोधड्या अमूर्त पेंटिंगसारख्या भिंतीवर टांगल्या, तिथून लोकांची नजर बदलली असं सगळे मानतात. नंतर टीकाही झाली की गोधड्या भिंतीवर चढल्या पण शिवणाऱ्या बायकांची नावं काही चढली नाहीत, आणि ती टीका बरोबरच होती. १९७९ पासून ओहायोतल्या अथेन्स गावी क्विल्ट नॅशनल हे प्रदर्शन सुरू झालं, १९८९ मधे स्टुडिओ आर्ट क्विल्ट असोसिएट्स ही संस्था निघाली. फेथ रिंगगोल्ड ह्या अमेरिकन चित्रकर्तीने ८० च्या दशकात गोधडीवर चित्रं काढून, मजकूर लिहून गोष्टी सांगितल्या. गोधडीवर गोष्ट सांगायची ही युक्ती मात्र तिच्या कितीतरी शतकं आधी सिसिलीत झालेली आहे, ते पुढे येईलच.

कापड टिकतं कुठे

हा मुद्दा आधी समजून घेतला पाहिजे, नाहीतर माणूस नेटवर युरोपातले राजेराण्या बघून तेच मध्ययुग समजतो. सुती कापड टिकायला कोरडी हवा लागते. जुन्या कैरोत फुस्तात म्हणून भाग आहे, तिथल्या उकिरड्यांत आणि थडग्यांत गुजरातेतून गेलेल्या ठशाच्या सुती कापडाचे ढीगभर तुकडे मिळाले, ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियममधल्या न्यूबेरी संग्रहातच १,२०० च्या वर आहेत. कार्बन डेटिंग केल्यावर त्यातले काही नवव्या-दहाव्या शतकापर्यंत मागे गेले. निळे आणि लाल, हंसांच्या रांगा, फुलांची चाकं, ठिपक्यांच्या ओळी. पश्चिम भारतातल्या चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या जैन कल्पसूत्राच्या पोथ्या उघडा, त्यातल्या माणसांच्या अंगावर ह्याच जातीची नक्षी दिसते. आणि क्विल्टवाल्याच्या दृष्टीने खरी गंमत अशी की ह्यातले कितीतरी तुकडे नुसते तुकडे नाहीत, त्यांना शिवण आहे, दुमडलेली किनार आहे, रफू आहे, म्हणजे कोणीतरी वापरलेत, फाटलेत, परत जोडलेत.

आपल्याकडे काय होतं? पावसाळा, वाळवी, आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे वापर. लुगडं विरलं की त्याची वाकळ, वाकळ विरली की पोतेरं, पोतेरं विरलं की चुलीत. कापड फेकायचंच नाही म्हटल्यावर म्युझियमला काय उरणार बाप्पा? म्हणून विदर्भात हे काम करायचं तर आडवाटेने पुरावे गोळा करावे लागतात. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रांत पट्ट्यापट्ट्यांची, हंसांची वस्त्रं आहेत, काटेकोर बोललं तर हे मध्ययुगाच्या थोडं आधीचं, पण ज्या वाकाटकांच्या काळातली ही चित्रं त्यांचीच एक शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धनात राज्य करत होती, म्हणून इथले लोक अजिंठ्याला घरचं धरतात. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसऱ्याच्या मानसोल्लास ह्या ग्रंथात राजाने कसली वस्त्रं वापरावी ह्यावर वेगळं प्रकरणच आहे. १३५० मधे दख्खनेत बहमनी राज्यात बसून इसामी नावाच्या कवीने जे फारसी काव्य लिहिलं त्यात चरख्याचा उल्लेख येतो, आणि भारतातल्या चरख्याचा पहिला पक्का पुरावा म्हणून इतिहासकार तोच देतात, म्हणजे त्याआधीचं सूत बहुतेक टकळीवरचं. नामदेव तर जातीने शिंपीच, गुरू ग्रंथ साहिबात त्यांचं जे पद आहे त्यात मन हा गज (कापड मापायची पट्टी) आणि जीभ ही कातर झालेली आहे.

नक्षी नको, बांधणी घ्या

बहुतेक नवशिके काय करतात, जुन्या कापडाचा फोटो घेतात, त्यातला हंस नाहीतर सिंह ट्रेस करतात, फ्युजिंगने (इस्त्रीने चिकटणाऱ्या अस्तराने) चिकटवतात आणि मशीन फिरवतात. दिसायला बरं दिसतं, पण ते मध्ययुगीन कापडाचं स्टिकर झालं. त्या काळच्या कारागिराने कापडाला काय करायला लावलं ते बघितलं तर हातात जास्त लागतं. तीन उदाहरणं पुरेत.

पहिलं सिसिलीचं. साधारण १३६० ते १४०० च्या दरम्यान तिथे लिननच्या म्हणजे जवसाच्या धाग्याच्या कापडावर ट्रिस्टन ह्या युरोपातल्या वीराच्या दंतकथेतले प्रसंग शिवले गेले, एक मोठा भाग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधे आहे, एक फ्लॉरेन्सच्या बार्जेलोत. रंगीत तुकडा एकही नाही. लिननचे दोन थर, तपकिरी आणि पांढऱ्या दोऱ्याने आकृत्यांच्या कडा शिवलेल्या आणि आत कापूस भरलेला, त्यामुळे घोडे, जहाजं, माणसं फुगून वर येतात आणि मधली जागा टाक्यांनी दाबून सपाट केलेली. वर सिसिलीच्या बोलीत मजकूर शिवलाय, कोण काय करतोय ते सांगायला. म्हणजे चित्र रंगाने नाही, सावलीने दिसतं. ज्याला हे कळलं तो साध्या कोऱ्या मांजरपाटावरही काम करू शकतो, फक्त उजेड बाजूने पडला पाहिजे.

दुसरं स्वीडनमधल्या पंधराव्या शतकातल्या लोकरी कामाचं. दोन रंगांची कापडं एकावर एक ठेवून एकदमच कापायची, मग ह्याचा तुकडा त्याच्या भोकात आणि त्याचा ह्याच्या, की एकाच कापणीत दोन कामं तयार, एकात लालवर निळा पक्षी, दुसऱ्यात निळ्यावर लाल. चिंधी वाया जात नाही. सांधा झाकला जावा आणि आकृतीची कड उठून दिसावी म्हणून त्यावर सोनेरी मुलामा दिलेल्या चामड्याची पट्टी शिवायचे. आजच्या क्विल्टमधे चामडं कोण लावणार, पण जुन्या साडीची जर सोडवून ती पट्टी लावता येते.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात आवडतं आणि ते दागिन्यासारखं अजिबात नाही. लढाईत घालायचे गादीसारखे शिवलेले अंगरखे. इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीने ११८१ मधे हुकूम काढला की शहरातल्या आणि स्वतंत्र (कुणाचे वेठबिगार नसलेल्या) लोकांनी घरात असा अंगरखा, लोखंडी टोपी आणि भाला ठेवायचाच. पंधराव्या शतकात फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या फर्मानात तर रेसिपीच आहे, कापडाचे ३० थर, निदान २५, त्यावर हरणाचं कातडं, आणि कापड वापरून मऊ झालेलं असेल तर उत्तम. वाकळ शिवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, नवं कोरं कापड सुईला नडतं, जुनं लुगडंच पाहिजे, हे ती न शिकता सांगेल. दख्खनचे शिपाईही कापूस भरलेले जाड अंगरखे घालायचे. मग हत्यार अडवायला शिवलेली ही जवळजवळची उभी टीप क्विल्टवर घेतली की पृष्ठभाग नुसता शोभेचा राहत नाही, त्याला ताठरपणा येतो, आणि विषय युद्धाचा किंवा दंगलीचा असेल तर टाकाच बोलतो.

आता बायो टॅपेस्ट्रीचं नाव कोणीतरी काढतंच. सुमारे ७० मीटर लांब, अकराव्या शतकातली, इंग्लंडच्या राज्यासाठी झालेल्या १०६६ च्या लढाईची. ती मागावर विणलेली नाही, लिननवर लोकरीने केलेलं भरतकाम आहे, आणि क्विल्ट तर नाहीच. लांबट पट्टीत गोष्ट पुढे सरकवायची आणि खालीवर छोट्या चित्रांची किनार चालवायची, एवढं तिच्याकडून घेण्यासारखं आहे.

नागपूरची सामग्री

नागपूर वसवलं देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, १७०२ च्या सुमारास, म्हणजे शहर मध्ययुग संपता संपताचं. विणकामाची वस्ती भोसल्यांच्या काळात वाढली, नागपुरी लुगडं नावाजलं, १८७७ मधे जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि हातमागाचं गणित बदललं. आज महाल, इतवारी, गोळीबार चौकाकडे जुन्या कोष्टी घरांत माग शोधावे लागतात.

ह्या कामासाठी इथली सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे करवत काठी. भंडारा, नागपूर, गडचिरोलीकडे विणली जाणारी कोशाची साडी, अंग टसरचं आणि काठ सुती, काठाला करवतीसारखे दाते, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली. दाते रामटेकच्या मंदिरांवरून आले असं सांगतात, ते खरं असो नसो, विणायची पद्धत बघा: तीन धोटे (आडवा धागा नेणारे), दोन काठांचे आणि एक अंगाचा, आणि काठाचं सूत अंगाच्या सुतात अडकवत अडकवत पुढे जायचं, म्हणजे दाते वरून छापलेले नाहीत, दोन रंगांचे धागे एकमेकांत शिरल्याने झालेत. क्विल्टमधे तेच करायचं तर दाते वरून चिकटवू नका, त्रिकोण कापून एकमेकांत जोडा, वेळ लागेल पण काठ घट्ट बसतो. साडी कापायची ज्यांची हिंमत होत नाही त्यांनी फाटकी शोधावी. साध्या सुती तुकड्यांसाठी गांधीबागचं कापड मार्केट आहेच, आणि शिंप्याकडची कतरन तर कोणी नाही म्हणत नाही.

टसर धुवायला नाजूक आणि कापला की काठ सुटतो, म्हणून मागे मलमल टाचून मग कापावा. सोळाव्या-सतराव्या शतकात बंगालमधे पोर्तुगीज लोकांसाठी टसरच्या धाग्याने भरतकाम केलेल्या सुती रजया होत होत्या, लिस्बनपासून बोस्टनपर्यंत म्युझियममधे आहेत, शिकारीची, जहाजांची, बायबलमधली दृश्यं शेजारी शेजारी. कोशाचा पिवळट रंग न रंगवता तसाच ठेवला तर किती पुरतो ते त्यात दिसतं.

रंगाचं म्हणाल तर फुस्तातचा लाल हा मुळीचा लाल, कापडाला आधी तुरटी लावायची, मग मुळ्यांच्या पाण्यात उकळायचं, तुरटी जिथे तिथेच लाल चढतो. काळ्यासाठी लोखंडाचा गंज आणि गूळ आंबवून, हिरड्यात भिजवलेल्या कापडावर. आपल्या भागात आल नावाच्या झाडाच्या मुळ्या (अद्रक नव्हे) ह्याच कामाला लावायचे, १८६९ पासून कारखान्यातला कृत्रिम लाल रंग बाजारात आला आणि हळूहळू आलाची शेतीच गेली. पळसाच्या फुलांचा केशरी फार मोहात पाडतो, फाल्गुनात रस्त्याकडेला फुकट पडलेला असतो, पण उन्हाने उडतो. एखाद्या कामात रंग उडणं हाच विषय असेल तर गोष्ट वेगळी.

मधल्या थरासाठी पॉलिस्टरचा रेडिमेड थर सगळीकडे मिळतो आणि हलकाही पडतो. पण सिसिलीसारखा उठाव पाहिजे तर पिंजलेला कापूस घ्यावा. देशी वाणाचा आखूड धाग्याचा कापूस सुतासाठी जाडाभरडा, भरायला मात्र छान. एकच कटकट, पिंजाऱ्याकडचा कापूस सरकतो, गोळे होतात, म्हणून टाक्यांच्या ओळी जवळ जवळ घ्याव्या लागतात. मोकळी जागा सोडायची असेल तर आत कापसाऐवजी जुन्या लुगड्याचे थर घाला.

वादाचे मुद्दे

इथे एक गडबड नेहमी होते. गोंड राजे मध्ययुगातले, म्हणून ठिपक्या-रेघांनी भरलेली गोंड चित्रं क्विल्टवर घेतली की काम मध्ययुगीन झालं, असं प्रदर्शनाच्या पाटीवर बिनधास्त लिहितात. आज गोंड पेंटिंग म्हणून जे ओळखलं जातं ते कागद-कॅनव्हासवर आलं जनगढ सिंह श्यामपासून, भोपाळच्या भारत भवनच्या आसपास, १९८० च्या दशकात. त्यामागची भिंतीवर चितारायची परंपरा जुनी असेल, पण ती शैली चांद्याच्या (चंद्रपूरच्या) गोंड राजांच्या किल्ल्याशी जोडणं म्हणजे जिवंत कलाकारांचं श्रेय मेलेल्या राजांना देणं. घ्यायचीच असेल तर कलाकाराला विचारून, नावानिशी, पैसे देऊन घ्यावी.

दुसरा वाद गोधडीचाच. काही जण म्हणतात की आपल्याकडे वाकळ असताना ट्रिस्टन आणि हेन्री कशाला. म्हणणं रास्त आहे, पण आज हातात येते ती वाकळ फार तर दोन-तीन पिढ्यांची, तिला मध्ययुगीन म्हणता येत नाही. तिच्यातली पद्धत जुनी असू शकते, कंथा म्हणजे ठिगळांची गोधडी पांघरणारे नाथपंथी जोगी तर त्या काळातले आहेतच, तरी समोरचं कापड जेव्हाचं आहे तेव्हाचंच लिहावं. मला विचाराल तर फुस्तातचा शिवलेला, रफू केलेला तुकडा आणि वाकळ शेजारी ठेवून काम करणं हे दोन्हीकडे प्रामाणिक आहे.

लावणं आणि सांभाळणं

टांगताना खिळे कापडातून घालू नयेत, मागे वरच्या कडेला कापडाची नळी शिवून त्यातून काठी घालावी, वजन सारखं वाटलं जातं. म्युझियमवाले कापडावर ५० लक्सच्या वर उजेड पडू देत नाहीत, घरात एवढं कोणी मोजत नाही, पण पश्चिमेच्या खिडकीसमोर लावू नका, आपल्या मे महिन्यात नीळसुद्धा दम सोडते. उठावाचं काम घडी घालून ठेवलं तर कापूस घडीत दबतो, म्हणून धुतलेल्या मलमलीत गुंडाळी करून आडवं ठेवावं, नक्षीची बाजू बाहेर. पावसाळ्यानंतर एकदा उघडून सावलीत हवा द्यावी आणि कसर लागली का ते अस्तराकडून बघावं, वरून लवकर दिसत नाही.