पॉलिकार्प, स्मुर्णाचे बिशप

पॉलिकार्प (सु. ६९–सु. १५५) : रोमन साम्राज्याच्या आशिया प्रांतातील स्मुर्णा (आजचे तुर्कस्तानातील इझमीर) येथील बिशप, रक्तसाक्षी (श्रद्धेसाठी प्राण देणारा हुतात्मा) आणि संत. त्यांचे नाव घेतले की उतारवयातले हौतात्म्य आठवते; मात्र ख्रिस्ती मंडळ्यांत त्यांच्या शब्दाला वजन आले होते ते त्याच्या कितीतरी आधी.

येशूला प्रत्यक्ष पाहिलेली पिढी सरत असताना तिच्या तोंडून शिकवण ऐकलेले जे थोडे लोक उरले, त्यांत पॉलिकार्प होते. पुढे गॉलमधील (आजच्या फ्रान्समधील) लियाँचे बिशप झालेले इरेनियस यांनी त्यांना लहानपणी पाहिले होते. पॉलिकार्प कुठे बसून बोलत, योहानाच्या आणि प्रभूला पाहिलेल्या इतरांच्या आठवणी कशा सांगत, हे आपल्याला अलीकडच्या घटनांपेक्षाही स्पष्ट आठवते, असे ते लिहितात. हा योहान म्हणजे प्रेषित (येशूच्या निवडक बारा शिष्यांपैकी एक) योहानच का, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. गुप्त ज्ञानाचा दावा करणाऱ्या पंथांना उत्तर देताना इरेनियस यांनी याच परंपरेचा आधार घेतला. प्रेषितांनी निराळे काही शिकवले असते तर ते त्यांनी ज्यांच्या हाती मंडळ्या सोपवल्या त्यांनाच सांगितले असते, असा त्यांचा बिनतोड युक्तिवाद होता.

पॉलिकार्प यांचे फिलिप्पैकरांस (फिलिप्पै शहरातील ख्रिस्ती मंडळीला) लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात नवे तत्त्वज्ञान नाही. पैशाच्या लोभात सापडलेल्या वालेन्स नावाच्या, मंडळीत वडील (प्रेसबिटर) हे पद सांभाळलेल्या माणसाबद्दल दुःख आहे आणि त्याला शत्रू न मानता परत आणा, असा आग्रह आहे. अंत्युखियाचे बिशप इग्नेशियस यांची पत्रे आपण सोबत पाठवत असल्याचेही ते सांगतात.

त्यांच्या मृत्यूची हकीकत स्मुर्णाच्या मंडळीने फिलोमेलियमच्या मंडळीला पत्राने कळवली. पकडायला आलेल्या शिपायांना त्यांनी जेवू घातले आणि प्रार्थनेपुरता वेळ मागून घेतला. ख्रिस्ताची निंदा कर, सोडून देतो, असे प्रांताधिकारी म्हणाला, तेव्हा ८६ वर्षे मी त्याची सेवा केली, त्याने माझे काहीच वाईट केले नाही, मग माझ्या राजाची निंदा कशी करू, असे त्यांनी उत्तर दिले. त्यांना चितेवर बांधून जाळण्यात आले आणि खंजिराने भोसकण्यात आले. मंडळीने अस्थी जपून ठेवल्या आणि दरवर्षी त्या दिवशी एकत्र जमण्याचे ठरवले. रक्तसाक्ष्याचा स्मृतिदिन पाळण्याच्या प्रथेचा हा अगदी जुना उल्लेख आहे. युसेबियस या इतिहासकारामुळे मृत्यूचे वर्ष १६६–६७ असेही मांडले जाते. कॅथलिक चर्च त्यांचा सण २३ फेब्रुवारीला पाळते. १९६९ पर्यंत तो २६ जानेवारीला असे.

मृत्यूनंतरही त्यांचा दाखला दिला जात राहिला. ईस्टर कोणत्या दिवशी पाळावा, यावरून सुमारे १९० साली रोमचे बिशप व्हिक्टर आशियातील मंडळ्यांशी संबंध तोडायला निघाले. आशियातीलच इफिसचे बिशप पॉलिक्रेटिस यांनी तिथल्या प्रथेच्या बाजूने पॉलिकार्प यांचे नाव पुढे केले. इरेनियस यांनी व्हिक्टर यांना जुनी भेट आठवून दिली : पॉलिकार्प रोमला आले असता त्यांचे आणि बिशप अनिसेटस यांचे याच प्रश्नावर एकमत झाले नव्हते, तरी अनिसेटस यांनी आपल्या चर्चमध्ये पवित्र भोजनविधी चालवण्याचा मान त्यांना दिला आणि दोघे सलोख्याने निरोप घेऊन निघाले.