त्राटकाने चष्मा सुटत नाही

‘रोज दहा मिनिटं दिव्याकडे टक लावून बघा, चष्म्याचा नंबर उतरेल.’ हे आपल्याकडे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. असं टक लावून बघणं म्हणजेच त्राटक. आधार हठप्रदीपिका या जुन्या योगग्रंथाचा देतात. तिथे त्राटकाला ‘मोचनं नेत्ररोगाणां’, म्हणजे डोळ्यांच्या रोगांतून सोडवणारं, म्हटलंय हे खरं, पण नंबराचा तिथे उल्लेख नाही.

लांबचं अंधुक दिसतं ते बहुतेक वेळा डोळ्याचा गोल जरा लांबट झाल्यामुळे. मोठ्या माणसाच्या डोळ्याची लांबी साधारण २४ मिलिमीटर. ती एका मिलिमीटरने वाढली, तरी नंबर अडीच-तीनने चढतो. ज्योतीकडे बघून ही लांबी कमी होणार कशी? मुलांचा चष्मा काढून त्यांना दिव्यासमोर बसवणारे पालक पाहिले की जीव तुटतो.

त्राटक करावं ते मन एका जागी बसावं म्हणून. पंखा बंद करा, म्हणजे ज्योत हलणार नाही. निरांजन डोळ्यांच्या पातळीवर, हातभर लांब ठेवा. नजर वातीच्या टोकाशी ठेवा. मन बाजारात गेलं की परत आणा. डोळे चुरचुरले, पाणी आलं, की मिटून घ्या, तेवढं पुरे. मिटल्यावर ज्योतीसारखा ठिपका तरंगतो, तोही चमत्कार नव्हे, थकलेल्या दृष्टिपटलाची, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याची, ती खूण आहे. तो विरेपर्यंत त्याच्यावरच लक्ष ठेवा; मला तर सगळ्यात शांत क्षण तोच वाटतो.

सूर्यावर त्राटक मात्र कधीच नको. त्याने दृष्टिपटल भाजतं, आणि गेलेली नजर परत येईलच असं नाही.