प्रायोजकाला द्यायचा अहवाल वेगळा, सीएसआर निधीचा अहवाल वेगळा

मार्च उलटला की गोव्यातील फोंडा, डिचोली, पेडणे या भागांतील नाट्यसंस्थांचे, भजनी मंडळांचे, ग्रंथालयांचे आणि संगीताचे वर्ग चालवणाऱ्या मंडळांचे अहवाल पाठवण्यापूर्वी नजरेखालून घालण्यासाठी माझ्याकडे येतात. कंपनीने सीएसआरखाली, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाखाली, दिलेल्या निधीचा हिशेब प्रायोजकाच्या अहवालाच्या साच्यात बसवलेला दरवर्षी पाहायला मिळतो. मुखपृष्ठावर कंपनीचे ठळक बोधचिन्ह, आत समई प्रज्वलनाची, शाल-श्रीफळाची आणि रंगमंचामागच्या बॅनरची छायाचित्रे आणि शेवटच्या पानावर ‘संपूर्ण रक्कम कार्यक्रमासाठी खर्च झाली’ असे एकच वाक्य. ज्या मंडळींनी वर्षभर मुलांना मनापासून शिकवले, त्यांचेच काम अशा कागदांत कुठे दिसत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

प्रायोजकाच्या अहवालाविषयी अधिक सांगायला नको. जत्रेतील नाटक असो वा संगीत महोत्सव, स्मरणिकेतील जाहिरात, प्रवेशद्वारावरील कमान आणि निवेदकाने केलेला नामोल्लेख ठरल्याप्रमाणे झाले, याचा पुरावा प्रायोजकाला हवा असतो. त्याने प्रसिद्धी विकत घेतलेली असते. ती पोहोचली, एवढे दाखवले की आपले काम झाले. आपल्याकडची मंडळे हे उत्तम करतात.

खरी अडचण पुढे आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार, ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कला-संस्कृतीचे जतन, सार्वजनिक ग्रंथालये आणि पारंपरिक कलांचा विकास यांचा समावेश आहे, म्हणून आपल्या संस्था या निधीला पात्र ठरू शकतात. परंतु स्वतःच्या उत्पादनाला किंवा सेवेला विपणनाचा लाभ मिळावा म्हणून प्रायोजकत्वाच्या तत्त्वावर दिलेला पाठिंबा सीएसआर ठरत नाही, असे जानेवारी 2021 मध्ये सुधारलेले नियम स्पष्ट सांगतात. त्याआधी जून 2014 च्या परिपत्रकातही मॅरेथॉन, पुरस्कार सोहळे, जाहिराती यांसारखे एकवेळचे उपक्रम केंद्र सरकारने सीएसआर खर्चातून वगळले होते. म्हणजे कुंडईच्या किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कंपनीने सीएसआरचा पैसा दिला आणि आपण अहवालात ‘आपल्या उत्पादनाची पाच हजार प्रेक्षकांपर्यंत प्रसिद्धी झाली’ असे अभिमानाने लिहिले, तर ज्या खर्चाला सीएसआर म्हणून मान्यता हवी आहे, त्याच्याच विरोधातला पुरावा आपण त्या कंपनीच्या हातात देतो. कृतज्ञतेपोटी केलेली ही गोष्ट देणाऱ्यालाच अडचणीत आणते.

मग कंपनीचे नाव कुठेच घ्यायचे नाही का, असे खजिनदार मला नेहमी विचारतात. नाव घ्यावे, आभार मानावेत; जाहिरात मात्र करू नये. ही सीमा समजून घेण्यासाठी जीएसटीसंबंधीचे 11 ऑक्टोबर 2019 चे परिपत्रक उपयोगी पडते. धर्मादाय संस्थेला दिलेली रक्कम खरोखर देणगी असेल, हेतू परोपकाराचा असेल आणि नावाच्या उल्लेखामागे व्यवसायाची जाहिरात नसेल, तर त्यावर जीएसटी लागत नाही, असे त्यात म्हटले आहे. हा करविषयक निकष असून सीएसआरचे नियम स्वतंत्र आहेत, तरी विचाराची दिशा तीच आहे. समजा, भजनवर्गाला मिळालेल्या पेटीवर ‘अमुक कंपनीच्या सौजन्याने’ अशी छोटी पितळी पट्टी लावली, तर ती कृतज्ञता झाली. त्याच पट्टीवर कंपनीच्या साबणाचे नाव आणि दुकानाचा पत्ता आला, तर ती जाहिरात झाली. मी स्वतः सीएसआरच्या अहवालात बोधचिन्ह एकदाच, तेही आभाराच्या पानावर लहान आकारात घालायला सांगतो.

सीएसआरच्या अहवालात काय हवे, हे कंपनीची गरज ओळखली की आपोआप उमगते. दिलेला निधी मंजूर कामासाठी आणि मंजूर पद्धतीनेच वापरला गेला, याची खात्री संचालक मंडळाला करून घ्यावी लागते आणि मुख्य वित्त अधिकाऱ्याला तसे प्रमाणित करावे लागते. त्याची सही आपल्या कागदांच्या भरवशावर होते. म्हणून मंजूर अंदाजपत्रकातील प्रत्येक खर्चशीर्षासमोर मंजूर रक्कम, प्रत्यक्ष खर्च आणि फरकाचे कारण लिहावे, व्हाउचरचे क्रमांक द्यावेत आणि हिशेब लेखापालाकडून तपासून घ्यावा. कामाची फलनिष्पत्तीही अशी सांगावी की ती पडताळता येईल. पखवाजाच्या वर्गात चाळीस मुलांनी नावे नोंदवली, ही सुरुवात झाली. त्यांतील किती मुले वर्षअखेरीस टिकली आणि किती जणांना आज गावच्या भजनात साथ करता येते, हे वाचायला मिळायला हवे.

शिल्लक रकमेबद्दल तर मी आग्रहीच आहे. 31 मार्चला काही पैसे उरले असतील, तर ते उघडपणे दाखवावेत. नाचक्की होईल या भीतीने घाईघाईत बिले जमवू नयेत. चालू प्रकल्पाची अखर्चित रक्कम कंपनीला वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत वेगळ्या बँक खात्यात भरावी लागते, तर इतर अखर्चित रक्कम सहा महिन्यांत सातव्या अनुसूचीत नमूद केलेल्या निधीकडे वर्ग करावी लागते. शिल्लक लपवली, तर कंपनीची मुदत आपल्यामुळे चुकते.

अहवालाची बांधणी, कागद, पानांची संख्या यांत वेळ दवडू नये. भाषा मात्र जपावी: मोडक्या इंग्रजीत वीस पाने लिहिण्यापेक्षा स्वच्छ मराठीत मूळ अहवाल आणि सोबत एका पानाचा इंग्रजी सारांश देणे मला केव्हाही योग्य वाटते.

काही उत्सवांत दोन्ही प्रकारचा पैसा येतो. वर्षभराचा शिक्षणवर्ग सीएसआरमधून चालतो आणि त्याच्या समारोपाच्या महोत्सवाला प्रायोजक असतात. अशा वेळी पहिल्या दिवसापासून दोन खतावण्या ठेवाव्यात. मंडप, ध्वनिव्यवस्था आणि स्मरणिका यांचा खर्च प्रायोजकांच्या खात्यावर आणि गुरुजींचे मानधन, वाद्ये व मुलांचा प्रवास सीएसआरच्या खात्यावर दाखवावा; मग दोन्ही अहवाल त्या त्या खतावणीतूनच तयार होतात आणि एकाची छायाचित्रे दुसऱ्यात घुसवण्याचा प्रश्नच येत नाही.