अंगावरचं, वरचं आणि पंपाचं

सिंहगड रस्त्यावरच्या एका घरातला संवाद. बाळ सात आठवड्यांचं आहे.

"पंपाचं म्हणजे वरचंच की ते," सासूबाई म्हणाल्या.

"अहो आई, माझंच आहे ते!"

"तुझंच गं. पण बाटलीतून जातंय ना?"

यात कोण चुकलं, हे सांगणं वाटतं तितकं सोपं नाही. बाळाच्या दुधासाठी मराठीत पिढ्यान्‌पिढ्या दोनच शब्द आहेत, अंगावरचं आणि वरचं. वरचं म्हणजे गाईचं, म्हशीचं, शेळीचं, पुढे डब्यातल्या पावडरीचं. वरचं सुरू करावं लागणं ही घरात थोडी हार मानली जायची. 'हिला दूधच उतरलं नाही' हे वाक्य बायका आवाज खाली आणून बोलत. आईच्याच अंगातून पंपाने काढलेलं, पण फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या जुडीशेजारी ठेवलेलं आणि दुपारी आजीने पाजलेलं दूध या दोन खणांपैकी कशात बसवायचं, हे भाषेने अजून ठरवलेलं नाही. घरोघरच्या वादाचं अर्धं मूळ मला तिथेच दिसतं.

दूध आणि आई यांची ताटातूट मात्र नवी नाही. सुश्रुतसंहितेत बाळंतिणीला तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतर दूध येतं असं म्हटलं आहे, आणि तोवर बाळाला मध-तूप चाटवायला सांगितलं आहे. दूध पाजण्याआधी थोडं पिळून टाकावं, असाही सल्ला तिथे आहे. आपल्याकडे पहिल्या दिवसांतला पिवळसर चीक 'जड' म्हणून काढून टाकायची आणि बाळाला मध नाहीतर गुळाचं पाणी द्यायची जी रीत होती, तिला हा एवढा जुना आधार होता. चीक म्हणजे बाळाचं पहिलं संरक्षण, हे आता दवाखान्यातली प्रत्येक नर्स सांगते, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये हेही. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात आणि जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं 41.8 टक्केच. बाळंतपण दवाखान्यात गेलं, पण पहिला तास अजून त्याच्या मागे गेलेला नाही. सिझेरियन हे एक कारण, बाळ आंघोळ घालून, गुंडाळून आधी नातेवाइकांना दाखवायची आपली हौस हे दुसरं.

आईला जमत नसेल तर दूधआई. पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याला कापूरहोळ लागतं. संभाजीराजांचा जन्म 1657 चा, पुरंदरावरचा. त्यांना दूध पाजणारी धाराऊ गाडे या गावची, ही परंपरा इथे सगळ्यांना ठाऊक आहे. राजघराण्यात दूधआई लागणं कमीपणाचं मानत नसत. साध्या घरात ते काम जाऊ, नणंद किंवा शेजारीण करायची आणि त्याचा गवगवा होत नसे. आज एखादीने बहिणीच्या बाळाला पाजलं तर भुवया उंचावतात, याची मला गंमत वाटते.

आणि बोंडलं. बाळंतविड्यात येणारं चांदीचं, पुढे चोच काढलेलं ते छोटं भांडं अजून अनेक घरांत कपाटात काळवंडून पडलेलं असतं. पिळून काढलेलं किंवा वरचं दूध त्यातून बाळाच्या ओठांत थेंब थेंब सोडायचं. ते घासायला सोपं, उकळत्या पाण्यात बुडवायला सोपं, आणि त्याला रबरी बूच नाही. बाळाला स्तन आणि बूच यांत गोंधळ होऊ नये म्हणून आजचे डॉक्टर वाटी-चमचा सुचवतात, तेव्हा ते नकळत बोंडल्याकडेच परत जात असतात.

बाटली आणि डबा पाठोपाठ आले. युरोपात हेन्री नेस्ले यांनी 1867 मध्ये बाळांसाठी दूध-पिठाचं मिश्रण विकायला काढलं. भारतात म्हशीच्या दुधापासून बाळांची पावडर करण्याचं तंत्र म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेने 1950 च्या दशकात बसवलं आणि अमूलने ते बाजारात आणलं. त्याआधीपासून ग्लॅक्सोचा डबा मध्यमवर्गात शिरलेला होता, गुटगुटीत मुलाला 'ग्लॅक्सो बेबी' म्हणण्याइतका. रिकाम्या डब्यांत मग साबुदाणा आणि खसखस.

या डब्यांच्या जाहिरातींविरुद्ध 1970 च्या दशकात जगभर आरडाओरडा झाला. अस्वच्छ पाण्यात कालवलेली पावडर गरीब देशांत मुलं दगावायला कारण ठरत होती. 1977 मध्ये नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला, 1981 मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने पर्यायी दुधाच्या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली. विरोधात एकच मत पडलं, अमेरिकेचं. भारताने 1992 मध्ये कायदाच केला आणि 2003 मध्ये तो आणखी कडक केला. म्हणून आपल्याकडे दूध पावडरीची, दुधाच्या बाटलीची जाहिरात करता येत नाही. पण पंप या कायद्याच्या व्याख्येत नाही. तो मोबाइलवर दिवसरात्र दिसतो, आणि खोक्यात बहुतेकदा बाटली सोबत येतेच.

पंपाचा इतिहास तसा दवाखान्यातला. अमेरिकेत ऑरवेल नीडहॅम याने 1854 मध्ये स्तनपंपाचं पेटंट घेतलं. अशा यंत्रांचा उपयोग होता तो तटतटलेली छाती मोकळी करायला, किंवा बाळाला ओढता येत नसेल तेव्हा. जुने पंप गाईच्या धारा काढण्याच्या यंत्राच्या वळणाचे, त्रासाचे. स्वीडनचे अभियंता आयनार एगनेल यांनी 1950 च्या दशकात ओढ किती असावी आणि किती वेळाने सुटावी याचा अभ्यास करून बाईला सोसवेल असा पंप बनवला. तोही मोठा, जड, वॉर्डात राहणारा. घरी, ऑफिसात नेता येईल असा विजेचा पंप 1990 च्या दशकात आला, आणि त्याला मोठी बाजारपेठ मिळाली ती अमेरिकेत.

हे महत्त्वाचं आहे. अमेरिकेत आजही देशभर लागू होणारी पगारी बाळंतपणाची रजा नाही. 1993 च्या कायद्याने मिळतात ते 12 आठवडे, तेही बिनपगारी. तिथल्या बाईला पंप हा नाइलाज होता. पुण्यातली नवी आई रात्री तीन वाजता फोनवर जे सल्ले वाचते, ते पुष्कळदा या नाइलाजातून जन्मलेले असतात: पहिल्या आठवड्यापासून साठा करा, फ्रीझर भरा, बाळाला बाटलीची सवय लावा. तिची रजा वेगळी आहे, हे त्या सल्ल्यांना माहीत नसतं.

भारतात 1961 च्या कायद्याने 12 आठवड्यांची पगारी रजा होती, 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी ती 26 आठवडे झाली. सहा महिने निव्वळ आईचं दूध, ही जागतिक आरोग्य संघटनेची 2001 पासूनची शिफारस. कागदावर दोन्ही बरोबर जुळतात. पण रजेतले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेतले तर पुढे उरतात 18, म्हणजे जेमतेम चार महिने. पंपाचा प्रश्न खरा उभा राहतो तो इथे, आणि तो पहिल्या आठवड्यात सोडवायची गरज नसते. उलट पहिल्या दोन-तीन दिवसांत पंप लावला की तळाशी काही थेंब दिसतात आणि 'दूध नाही' असा निकाल घरात लागतो. चीक तेवढाच असतो, बाळाचं पोटही तेवढंच. तो हाताने पिळून चमच्यात घेणंच सोपं. दूध टिकतं ते छाती वारंवार रिकामी होण्यावर. अळिवाची खीर आणि डिंकाचा लाडू बाळंतिणीला ताकद देतात, पण न पाजलेल्या दुधाची भरपाई करत नाहीत.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं गणित निराळं. त्याला ओढण्याची ताकद नसते, तेव्हा पहिल्या दिवसापासून, रात्रीसुद्धा, दर दोन-तीन तासांनी दूध काढत राहणं हाच मार्ग. तेही पुरं पडत नसेल तर अशाच बाळांसाठी मातृदुग्धपेढ्या आल्या. आशियातली पहिली 1989 मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. पुण्यात ससून आणि दीनानाथ मंगेशकर रुग्णालयांत ती सोय आहे. दान आलेलं दूध तपासून, पाश्चरीकरण करून लहानग्यांना दिलं जातं. दूधआईच ही, फक्त बाटलीवर नाव नसलेली.

सासूबाईंच्या प्रश्नाला जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या धोरणात उत्तर सापडतं. अंगावर पाजणं शक्य नसेल तेव्हाच्या पर्यायांत पहिलं नाव आईच्याच काढलेल्या दुधाचं आहे, मग निरोगी दूधआईचं किंवा दुग्धपेढीचं, आणि त्यानंतर पावडर, तीही बाटलीपेक्षा कपाने. म्हणजे पंपाचं दूध वरचं नव्हे. पण बाटलीबद्दलची सासूबाईंची कुरकुर अगदीच निराधार नाही.

साठवणीचा हिशेबही इथला लावावा लागतो. खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस, असे आकडे सगळीकडे फिरतात. ते अमेरिकी आरोग्य खात्याचे आहेत आणि खोली 25 अंशांपर्यंत थंड असेल तर. एप्रिलमध्ये पुण्यातली वरच्या मजल्यावरची खोली दुपारी तशी नसते. दूध काढलं की लगेच गार करावं.

ज्यांना रजाच नाही, त्यांच्यासाठी ही सगळी चर्चा परकी आहे. सकाळी बाळाला मालिश करायला येणारी बाई स्वतःचं तान्हं कोणाकडे ठेवून येते, हे क्वचित विचारलं जातं. बांधकामावरची बाई बाळाला साइटवरच घेऊन येते आणि सुट्टीच्या वेळात पाजते. पुण्यात अशा साइटींवर पाळणाघरं चालवणारी तारा मोबाइल क्रेशेससारखी संस्था आहे, पण शहर तिच्यापेक्षा फार मोठं आहे.

1961 च्या त्या कायद्यापासून एक तरतूद चालत आली आहे, रजेइतकी गाजलेली नाही. कामावर परतलेल्या आईला मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीखेरीज पाजण्यासाठी दोन वेळा मोकळीक द्यावी. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा गिरणी होती, जिच्या आवारात पाळणाघर आणि पाळणाघरात बाळ. आता आई हिंजवडीत, बाळ सिंहगड रस्त्यावर आजीजवळ, मध्ये वीसेक किलोमीटर आणि वाकडचा पूल. त्या दोन मोकळ्या वेळांत ती एक कडी लागणारी खोली शोधते, बॅगेतून पंप काढते, आणि फोनवर बाळाचा व्हिडिओ लावते. तो पाहिला की पान्हा लवकर फुटतो.