कॉफीने आयुष्य वाढते का?

कॉफी पिणाऱ्यांचा मृत्युदर न पिणाऱ्यांपेक्षा थोडा कमी असतो, असे अनेक देशांतल्या मोठ्या पाहण्यांत दिसले आहे. पण हा आकडा निघतो कसा, हे आधी पाहायला हवे.

अमेरिकेत १९९५-९६ मध्ये ५० ते ७१ वयाच्या सुमारे चार लाख लोकांकडून खाण्यापिण्याची प्रश्नावली भरून घेतली गेली आणि २००८ पर्यंतच्या मृत्यूंची नोंद ठेवली गेली. ५२ हजारांहून अधिक माणसे या काळात दगावली. नुसते वय जुळवून तुलना केली तेव्हा चित्र उलटेच निघाले: कॉफी पिणारेच जास्त दगावत होते. कारण भरपूर कॉफी पिणाऱ्यांत सिगारेट ओढणारे खूप होते. धूम्रपान आणि इतर सवयींचा परिणाम वजा केल्यावर रोज दोन-तीन कप पिणाऱ्या पुरुषांत मृत्यूचा धोका सुमारे १० टक्के, तर स्त्रियांत १३ टक्के कमी भरला. डीकॅफ, म्हणजे कॅफीन काढून टाकलेली कॉफी, पिणाऱ्यांतही हाच कल होता, म्हणजे श्रेय एकट्या कॅफीनचे नसावे. कॉफीच्या बीत क्लोरोजेनिक आम्लासारखी इतर अनेक संयुगे असतात.

एका दुरुस्तीने निष्कर्ष असा फिरत असेल, तर न मोजलेली एखादी सवय उरलेला फरकही घडवत असू शकते. शिवाय आजारपणामुळे कॉफी सोडलेले लोक ‘न पिणाऱ्यां’मध्ये मोजले जातात आणि तो गट मुळातच अशक्त दिसतो. म्हणून डेन्मार्कच्या संशोधकांनी जनुकांचा आधार घेतला. काही जनुकांमुळे माणूस जास्त कॉफी पितो, आणि ती जन्मापासूनच ठरलेली असतात; आजारपणाने किंवा सवयींनी बदलत नाहीत. अशा लोकांच्या मृत्यूच्या प्रमाणात ठोस फरक सापडला नाही. बेताची कॉफी निरोगी माणसाला घातक नाही, याला भक्कम आधार आहे. ती आयुष्य वाढवते, हे सिद्ध झालेले नाही. त्यासाठी कुणी कॉफी सुरू करू नये.

रोजच्या परिणामांबद्दल मात्र प्रत्यक्ष प्रयोग झाले आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात १०० जणांना १४ दिवस, आज कॉफी प्या किंवा आज टाळा, अशा सूचना मिळत होत्या. कॉफीच्या दिवशी ते सुमारे हजार पावले जास्त चालले आणि ३६ मिनिटे कमी झोपले. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतले जादा ठोके फारसे वाढले नाहीत. खालच्या कप्प्यांतले वाढले. धडधड जाणवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

झोप उडते ती अडेनोसिनचे काम थांबल्यामुळे. दिवसभर मेंदूत साठून झोप आणणाऱ्या या रेणूची जागा कॅफीन अडवते. रक्तातले कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी पाचच्या कॉफीतले अर्धे रात्री दहाला शिल्लक असते. गर्भारपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या घेताना ते आणखी रेंगाळते. गरोदर स्त्रियांसाठी युरोपात दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा सुचवली आहे. इतर प्रौढांसाठी ४००.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात ही मर्यादा ३०० आहे. त्यांच्याच हिशेबाने १५० मिली गाळलेल्या कॉफीत ८० ते १२०, इन्स्टंटमध्ये ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. दिवसाचे चार चहा याच बेरजेत धरायचे, हे बहुतेक जण विसरतात.

पाश्चात्त्य अभ्यासांतला कप आपल्या घरातल्या कपाशी जुळत नाही. जायफळ घातलेल्या आपल्या कॉफीत दूध-साखरच जास्त. कपाला दोन चमचे साखर धरली तर चार कपांत ३५-४० ग्रॅम साखर जाते. कॅफीनपेक्षा तिची काळजी आधी करावी.

उकळलेल्या किंवा फ्रेंच प्रेसच्या (जाळीने चोथा खाली दाबून केलेल्या) कॉफीत काफेस्टॉल हे तेलकट द्रव्य उतरते आणि एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाढवते. कागदी फिल्टर ते अडवतो; इन्स्टंटमध्ये ते नगण्य असते. दाक्षिणात्य फिल्टरची चाळणी धातूची असते, म्हणून कागदी फिल्टरचे निष्कर्ष तिला जसेच्या तसे लावू नयेत.

जेवणासोबत कॉफी घेतल्यास अन्नातले लोह कमी शोषले जाते. एका प्रयोगात ही घट ३९ टक्के होती. जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीने फरक पडला नाही, पण जेवणानंतर तासाने घेतली तरी घट तेवढीच राहिली. हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवणानंतर दोन तास तरी थांबावे. थायरॉइडची गोळी पाण्याबरोबर घेऊन कॉफीसाठी तासभर थांबावे. वाफाळता कपही जरा निवू द्यावा: ६५ अंश सेल्सिअसहून गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये म्हटले आहे.

कॉफी एकदम बंद केली, तर १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, दुसऱ्या दिवसाच्या आसपास त्रास सर्वाधिक असतो आणि तो आठवडाभरही टिकू शकतो. तीन-चार दिवसांनी अर्धा कप, असे कमी करत गेल्यास हा त्रास बराच टळतो.