१६ कोटींच्या सिरिंजमध्ये नेमकं असतं काय?

दर काही महिन्यांनी एका बाळाच्या फोटोसकट आवाहन फिरतं: १६ कोटींचं इंजेक्शन हवंय, मदत करा. त्यासोबतच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं, ‘या इंजेक्शनमुळे जनुकातला बिघाड दुरुस्त होतो.’ होत नाही. बिघडलेलं जनुक जन्मभर आहे तिथेच, आहे तसंच राहतं. इंजेक्शन फक्त पेशीत एक वेगळी चालू प्रत नेऊन ठेवतं. यातला ‘नेऊन ठेवणं’ हा भाग सर्वांत अवघड.

आजाराचं नाव स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी, म्हणजे एसएमए. पाचव्या गुणसूत्रावरच्या एसएमएन-१ या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्या की मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरू लागतात. शेजारी एसएमएन-२ नावाचं जवळपास जुळं जनुक असतं. पण त्यातल्या एका अक्षराच्या फरकामुळे त्याचं बहुतेक प्रथिन अर्धवट निघतं आणि टिकत नाही. साधारण ५० माणसांत एक जण या दोषाचा वाहक असतो आणि त्याला स्वतःला काहीही होत नाही. मूल आजारी व्हायला आई आणि बाप दोघांकडून एकेक सदोष प्रत यावी लागते. तेव्हा ‘सुनेच्या माहेरची खोट’ म्हणणाऱ्यांनी हिशेब पुन्हा मांडावा. निम्मा वाटा त्यांच्याच घरचा आहे.

एसएमएन प्रथिन २९४ अमिनो आम्लांचं. म्हणजे ते बनवायची कृती ८८२ अक्षरांत मावते. एवढा डीएनए प्रयोगशाळेत तयार करणं आज अगदी किरकोळ काम आहे. पण तो तसाच शिरेतून दिला, तर रक्तातली विकरं (एन्झाइम) काही मिनिटांत त्याचे तुकडे करतात. त्यातून वाचला तरी पेशीचं तेलकट आवरण या विद्युतभारित रेणूला आत घेत नाही. पेशीत शिरणं आणि केंद्रकापर्यंत पोचणं ज्यांना चांगलं जमतं, ते म्हणजे विषाणू. म्हणून वाहन त्यांचंच घ्यायचं.

इथे वापरतात तो एएव्ही (अ‍ॅडिनो-असोसिएटेड व्हायरस) नावाचा विषाणू, प्रकार नववा. हा माणसाला आजारी पाडतो असं आढळलेलं नाही. व्यास २५ नॅनोमीटर. ६० प्रथिनांच्या तुकड्यांचं कवच, आत सुमारे ४७०० अक्षरांचा डीएनए. त्यातली विषाणूची स्वतःची सगळी जनुकं काढून टाकतात. उरतात ती फक्त दोन टोकं, प्रत्येकी १४५ अक्षरांची. ही टोकं म्हणजे ‘हा माल कवचात भरा’ अशी खूण. मधल्या रिकाम्या जागेत एसएमएनची कृती आणि ती चालू ठेवणारा प्रवर्तक बसवतात. नववाच प्रकार का? कारण तो रक्तातून मेंदू-मज्जारज्जूच्या पहाऱ्यातून पलीकडे जातो. बाकीचे बरेचसे अलीकडेच अडकतात.

आता या टोकांची करामत. एएव्हीचा डीएनए एकपदरी असतो आणि पेशीची वाचनयंत्रणा दुपदरीच वाचते. म्हणजे केंद्रकात पोचल्यावर दुसरा पदर पेशीने विणायचा. त्यात दिवस किंवा आठवडे जातात आणि पुष्कळ प्रती तशाच वाया जातात. इकडे चेतापेशी रोज मरत असतात. उपाय टोकात सापडला. टोकातली अक्षरं स्वतःच्याच जोडीची असल्याने ते टोक आपोआप दुमडून टी-आकार घेतं, आणि तिथूनच नकलेला सुरुवात होते. एरवी, प्रयोगशाळेतल्या पेशींत हे विषाणू बनवताना, नक्कल दुसऱ्या टोकाला पोचली की रेप नावाचं प्रथिन ठरलेल्या जागी चीर देऊन दोन पदर वेगळे करतं. एका टोकातली ही चिरेची जागाच खोडली, तर? रेपला कापता येत नाही, नक्कल वळण घेऊन तशीच मागे चालत येते, आणि हाती येतो एकच लांब पदर: आधी जनुक, मधे दुमड, पुढे त्याच जनुकाची जोडअक्षरं. पेशीत कवच सुटलं की हा पदर अंबाड्याला लावायच्या आकड्यासारखा मधोमध मिटतो आणि दुपदरी होतो. विणायची गरजच नाही.

किंमत मोजावी लागते जागेची. क्षमता निम्म्यावर, सुमारे २२०० अक्षरांवर येते. ८८२ अक्षरांना ती पुरते. ड्यूशेन या स्नायू झिजवणाऱ्या आजारात बिघडणाऱ्या डिस्ट्रोफिन प्रथिनाची कृती मात्र ११,००० अक्षरांची, ती साध्या एएव्हीतही मावत नाही. म्हणून तिथे कापून-छाटून केलेलं ‘मायक्रो’ जनुक वापरावं लागतं.

आत पोचलेला डीएनए बहुतांशी गुणसूत्रात शिरत नाही, केंद्रकात सुटाच पडून राहतो. चेतापेशी विभागत नाहीत, म्हणून तो टिकतो. रक्ताच्या मूळपेशींत ही युक्ती चालत नाही, कारण दर विभागणीत प्रती विरळ होत जातात. तिथे गुणसूत्रात घुसणारे विषाणू लागतात: मूळपेशी शरीराबाहेर काढायच्या, त्यांत जनुक घालायचं आणि परत सोडायच्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने (सीएमसी) हिमोफिलिया-ए या रक्त नीट न गोठण्याच्या आजारासाठी पाच रुग्णांवर लेन्टिव्हायरस हा असा घुसणारा विषाणू वापरून असंच केलं. मात्र घुसण्यात धोका असतो. जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवरच्या पॅरिसमधल्या जनुकोपचाराच्या चाचणीत रेट्रोव्हायरस हा घुसणारा विषाणू नेमका कर्करोगाशी संबंधित एका जनुकाशेजारी बसला आणि काही मुलांना रक्ताचा कर्करोग झाला.

आता सिरिंजकडे येऊ. मात्रा किलोमागे ११० लाख कोटी विषाणूकण. प्रौढ माणसाच्या अंगातल्या एकूण पेशी ३०-३५ लाख कोटींच्या आसपास, म्हणजे एका किलोला त्याच्या तिप्पट कण! साडेआठ किलोच्या बाळाला ४६.८ मिलि द्रव, कटिंगच्या ग्लासात मावेल इतका. आधी रक्तात एएव्ही-९ विरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) मोजतात. ती १:५० पेक्षा जास्त निघाली तर औषध देत नाहीत, कारण ते पोचण्याआधीच निकामी होईल. कधी ही प्रतिपिंडं आईकडून आलेली असतात आणि काही आठवड्यांनी ओसरतात, मग पुन्हा तपासता येतं. कुप्या गोठवून येतात. मिळाल्यावर २ ते ८ अंशांत ठेवायच्या, १४ दिवसांत वापरायच्या, हलक्या हाताने फिरवायच्या पण जोरात हलवायच्या नाहीत, आणि पुन्हा गोठवायच्या तर मुळीच नाहीत. सिरिंजमध्ये ओढल्यावर मुदत आठ तासांची. शिरेतून तासाभरात सावकाश द्यायचं.

यातला मोठा वाटा यकृतात जातो. म्हणून आदल्या दिवसापासून प्रेडनिसोलोन हे यकृताची सूज आवरणारं स्टेरॉइड, रोज किलोमागे १ मिलिग्रॅम, निदान ३० दिवस. मग हळूहळू कमी. यकृताची विकरं, प्लेटलेट आणि हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन पुन्हा पुन्हा तपासायचं. यकृत निकामी होऊन मृत्यूही झालेले आहेत. घरी महिनाभर डायपर बंद पिशवीत टाकायचे आणि हात धुवायचे, कारण विष्ठेतून विषाणूकण बाहेर पडत राहतात. एकदा औषध दिलं की प्रतिपिंडं इतकी वाढतात की दुसरी मात्रा देता येत नाही. ‘डीएनए रिपेअर’ क्रीम आणि गोळ्या विकणाऱ्यांना यातली एकही भानगड कशी करावी लागत नाही, हे त्यांनाच विचारावं.

मेलेल्या चेतापेशी औषधाने परत येत नाहीत, उरलेल्या वाचतात. म्हणून सगळा खेळ वेळेचा. लक्षणं दिसायच्या आत, सहा आठवड्यांच्या आतल्या बाळांना दिलेल्या एका चाचणीत एसएमएन-२ च्या दोनच प्रती असलेली, म्हणजे तीव्र आजाराचा धोका असलेली, १४ च्या १४ मुलं आधाराशिवाय बसली. या आजाराच्या तीव्र प्रकारात उपचाराविना मूल कधीच बसत नाही. एवढ्या लवकर निदान करायला जन्मानंतर टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब पुरतो. आपल्याकडे ही चाचणी अजून सरसकट होत नाही. पहिल्या मुलाला एसएमए असेल, तर दुसऱ्या वेळी गरोदरपणातच एसएमएची तपासणी मागून घ्यावी लागते.