गावचा चॅम्पियन थेट नॅस्कारमध्ये? तसं नसतं

‘स्थानिक ट्रॅकवर जिंकत राहा, नॅस्कार बोलावेलच’ हा समज जुना आणि चुकीचा. नॅस्कार ही अमेरिकेतल्या मोटारशर्यतींची संस्था; तिथे आपोआप बढती नसते. लॅरी फिलिप्स 5 वेळा नॅस्कारच्या साप्ताहिक मालिकेचे (स्थानिक ट्रॅकवरच्या शर्यतींचे) राष्ट्रीय विजेते. कप या सर्वोच्च मालिकेत मात्र एकच शर्यत! जॉश बेरी 2020 मध्ये तेच विजेतेपद मिळवून कपमध्ये पूर्णवेळ आले ते 2024 ला.

नेहमीची वाट अशी: लेजंड्स कार (मोटारसायकलचं इंजिन असलेली छोटी गाडी), लेट मॉडेल (स्थानिक ट्रॅकवरची मोठी शर्यतीची गाडी), आर्का (नॅस्कारची खालची मालिका), ट्रक (नॅस्कारची पिकअप ट्रकची मालिका). वरच्या गाडीसाठी नॅस्कारची मंजुरी लागते, ती अनुभव पाहून मिळते. आणि प्रायोजक! खरी गाडी तिथेच अडते.

लेट मॉडेलमध्ये शिकायचं ते टायर राखणं. वळणातून निघताना घाईने ॲक्सिलरेटर दाबला, की मागचा उजवा टायर तापतो आणि शेवटच्या लॅप्समध्ये गाडी मागून घसरते.